ग्रीक शोकांतिका कशी वाचावी: गर्व, शिक्षा आणि उद्ध्वस्त घराचा हिशेब

प्राचीन ग्रीक शोकांतिका हाती घेणारा वाचक बहुधा एक सूत्र मनाशी धरूनच सुरुवात करतो: थोर माणूस गर्वाने फुगतो, देव कोपतात आणि त्याचा सर्वनाश होतो. हे सूत्र सर्वस्वी खोटे आहे असे म्हणता येणार नाही, कारण नाटकांतला कोरसच, म्हणजे गाणारा-बोलणारा समूहच, ते अधूनमधून उच्चारतो. अडचण अशी आहे की, ते एकदा डोक्यात बसले म्हणजे वाचक गर्वाचे वाक्य सापडताच त्याखाली रेघ ओढतो, शिक्षेची वाट पाहत पाने उलटतो आणि शिक्षा झाली की प्रकरण संपले असे समजून पुस्तक मिटतो. एस्किलस, सॉफोक्लीझ आणि युरिपिडीझ हे तिघेही शोकांतिकाकार मात्र तिथून पुढे काय होते यातच अधिक गुंतलेले दिसतात. गर्व केला बापाने आणि प्रेत आले मुलाचे, अपराध एका राजाचा आणि शोक साऱ्या घराचा. हे गणित जुळते कसे, आणि जुळत नसेल तर कवी ते तसेच उघडे का ठेवतो, हा प्रश्न हाताशी ठेवून नाटक वाचण्याची एक पद्धत पुढे मांडली आहे. उदाहरणादाखल सॉफोक्लीझचे ‘अँटिगनी’ हे नाटक सविस्तर घेतले आहे. बाकीची नाटके जिथे या पद्धतीला बळ देतात किंवा तिला अडवतात तिथेच येतील.

वाचनाआधीची तयारी

कथा आधी माहीत करून घ्यावी. शेवट कळला तर रस जाईल ही भीती इथे निराधार आहे, कारण मूळ प्रेक्षकांनाही कथेचा सांगाडा ठाऊक असे. अथेन्समध्ये वसंतात भरणाऱ्या डायोनिसस या देवाच्या मोठ्या उत्सवात तीन कवींची स्पर्धा होई आणि प्रत्येक कवी तीन शोकांतिका व एक सॅटर-नाटक (थट्टामस्करीचे हलके नाटक) सादर करी. ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर बसलेल्या त्या प्रेक्षकाला थीब्जचा राजा इडिपस कोणाचा मुलगा आहे हे खुद्द इडिपसच्या आधी ठाऊक होते. त्यामुळे त्याचे लक्ष ‘काय होणार’ यापेक्षा ‘हे माणूस कोणत्या क्षणी आणि कोणत्या शब्दांनी ओढवून घेतो’ याकडे मोकळेपणाने वळू शकत होते. आजच्या वाचकाने वंशावळीचा एक कागद समोर ठेवला तरी हा फायदा त्याला मिळतो. थीब्जचे लॅब्डाकसचे घराणे आणि आर्गॉसचे एट्रियसचे घराणे ही दोन घराणी त्या कागदावर असली म्हणजे बरीचशी महत्त्वाची नाटके त्यात बसतात.

रंगभूमीविषयी दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. मुखवटे घातलेले पुरुष नट सर्व भूमिका करीत, आणि बोलणाऱ्या नटांची संख्या सॉफोक्लीझच्या काळात तीनवर येऊन थांबली. त्यांच्या जोडीला आधी १२ आणि पुढे १५ जणांचा कोरस असे. दुसरी गोष्ट वाचनाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे: हत्या सहसा प्रेक्षकांसमोर घडत नसे, ती घडून गेल्यावर दूत येऊन तिची हकिकत सांगे. म्हणून दूताचे भाषण वाचताना तो काय सांगतो याबरोबरच ते ऐकत कोण उभे आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे. ‘अँटिगनी’त राजा क्रेऑनच्या मुलाच्या, हेमॉनच्या, मृत्यूची हकिकत त्याची आई युरिडिसी ऐकते. ती भाषण शेवटपर्यंत ऐकते आणि एक शब्दही न उच्चारता आत निघून जाते. कोरसला आणि दूताला हे मौन मोठ्या आक्रोशाइतकेच भयंकर वाटते. छापील पानावर हा प्रसंग सहज निसटतो, कारण मौनाला ओळ नसते.

गर्व कृतीत शोधावा

‘क्रेऑन गर्विष्ठ आहे’ असे समासात लिहून काहीही हाती लागत नाही. अथेन्सच्या कायद्यात ‘ह्यूब्रिस’, म्हणजे उद्दामपणा, हा खटला भरण्याजोगा गुन्हा होता, आणि ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात त्याचे वर्णन असे करतो की, दुसऱ्याला खाली पाहावे लागेल असे वागणे वा बोलणे, आणि तेही त्यातून स्वतःला काही लाभ व्हावा म्हणून नव्हे तर केवळ त्या सुखासाठी. म्हणजे हा मनात दडून बसलेला दुर्गुण नसून कोणाच्या तरी वाट्याला येणारी वागणूक आहे. एवढे ध्यानात घेतले की वाचकाचे प्रश्न नेमके होतात: अपमान कोणाचा झाला, कोणासमोर झाला, आणि ज्याचा झाला त्याला उलट उत्तर देता येत होते काय?

हे प्रश्न ‘अँटिगनी’ला विचारून पाहावेत. इडिपसचे दोन मुलगे थीब्जच्या राज्यासाठी लढताना एकमेकांच्या हातून मेले आहेत. नवा राजा क्रेऑन, जो त्यांचा मामा आहे, एकाला सन्मानाने पुरतो आणि दुसऱ्याचे, म्हणजे पॉलिनायसीझचे, प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघडे टाकायला लावतो. अपमान झाला तो मेलेल्या माणसाचा, साऱ्या नगरासमोर झाला, आणि उत्तर देण्याची शक्ती त्याच्यात उरलेली नाही. ते उत्तर देण्याचे काम बहिणीवर, अँटिगनीवर, येते: ती बंदी मोडून प्रेताला माती देते आणि क्रेऑन तिला गुहेत जिवंत कोंडण्याची शिक्षा देतो. इथेच एक बारकावा टिपून ठेवावा: नाटकात उद्दामपणाचा आरोप शब्दशः कोण कोणावर करतो? क्रेऑन तो अँटिगनीवर करतो. कायदा मोडणे हा तिचा पहिला उद्दामपणा आणि मोडून वर फुशारकीने हसणे हा दुसरा, असे तो सर्वांसमोर म्हणतो. आरोपाचा शब्द सत्तेच्या तोंडी आहे आणि कृती मात्र सत्तेचीच अधिक मोठी आहे, हे वाचकाला स्वतः जोखावे लागते. अँटिगनीही काही मऊ नाही. तिच्याबरोबर मरायला तयार झालेल्या बहिणीला, इस्मिनीला, ती ज्या तुटकपणे झिडकारते ते वाचताना तिची बाजू घेणाऱ्यालाही अवघडल्यासारखे व्हावे. कोरस तिला स्वतःच्याच नियमाने चालणारी म्हणतो, आणि त्यात कौतुक किती व दोष किती हे ठरवण्याची घाई करू नये.

अशाच रीतीने एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’मधला जांभळ्या वस्त्रांचा प्रसंग वाचावा. हे नाटक इ. स. पू. ४५८ मधल्या ‘ऑरेस्टिया’ या नाट्यत्रयीतले पहिले आहे. ट्रॉय जिंकून आलेल्या राजासमोर त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा मौल्यवान वस्त्रे अंथरते. असा मान देवांचा आहे, लोक काय म्हणतील, असे म्हणून तो आधी नकार देतो, मग ट्रॉयचा राजा प्रायम याने अशा वेळी काय केले असते या तिच्या प्रश्नाला फसतो, पायांतले जोडे काढायला लावतो आणि चालत आत जातो. पुष्कळ वाचक इथे थांबून ‘हाच तो गर्व’ असे ठरवतात. पण तो गर्व त्याच्याकडून पत्नीने करवून घेतला आहे, आणि तिच्या सुडाचे कारण वस्त्रांत नाही, ते ऑलिस येथे दहा वर्षांपूर्वी घडलेले आहे: वारा अनुकूल व्हावा म्हणून ॲगमेम्नॉनने स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी दिला. आरंभीच्या कोरसगीतात तो बळी वर्णिला आहे. घराला शाप देऊ नये म्हणून मुलीचे तोंड बांधलेले आहे, केशरी वस्त्र जमिनीकडे ओघळते आहे, आणि ज्यांच्याकडे ती दयेसाठी पाहते आहे त्याच पुरुषांपुढे ती कधीकाळी वडिलांच्या मेजवानीत गायली होती. वस्त्रांवरून चालणारा राजा पाहताना हे गीत आठवत नसेल, तर मागे जाऊन ते पुन्हा वाचावे आणि मगच पुढे सरकावे.

इशारा कोण देतो आणि केव्हा

गर्वाची कृती सापडल्यानंतर शिक्षेकडे धाव न घेता मधला भाग सावकाश वाचावा, कारण शोकांतिकेत माणूस सहसा अज्ञानामुळे एकटा पडलेला नसतो. त्याला वेळेवर सांगणारे कोणीतरी असते. ‘अँटिगनी’त ही माणसे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाचे क्रेऑनशी असलेले नाते निराळे आहे. हेमॉन हा मुलगा आणि अँटिगनीचा वाग्दत्त वर. तो बापाशी अत्यंत अदबीने बोलायला सुरुवात करतो: पुरात वाकणारी झाडे टिकतात आणि ताठ राहणारी मुळासकट जातात, शिडाची दोरी कधीच सैल न सोडणारा नावाडी नाव उलटी करून बसतो. पण दोघांचे संवाद एकेका ओळीवर येतात तेव्हा अदब संपते. मी हे राज्य स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्यासाठी करावे काय, असे बाप विचारतो. एकाच माणसाच्या मालकीचे असेल तर ते नगरच नव्हे, असे मुलगा उत्तरतो. हा भाग मोठ्याने वाचावा, आणि जमल्यास दोघांनी मिळून वाचावा. सल्ल्याचे भांडण कोणत्या ओळीला झाले आणि भांडणाची धमकी कोणत्या ओळीला झाली हे कानाला डोळ्यांपेक्षा लवकर कळते.

त्यानंतर आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो. वेद्या प्रेताच्या मांसाने विटाळल्या आहेत, देव आहुती स्वीकारत नाहीत, चूक सर्वांकडून होते पण ती सुधारणारा शहाणा, हे सारे तो आधी सौम्यपणेच सांगतो. क्रेऑन त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करतो. याआधी पहारेकऱ्यालाही त्याने तेच म्हटले होते. प्रेताला माती देणारे कोणाच्या तरी पैशाला भुलले असणार, ही त्याची पहिली शंका होती. आपल्याला विरोध करणारा माणूस विकला गेलेला असलाच पाहिजे, ही त्याच्या विचारांची ठरलेली वाट आहे, आणि तिची पुनरावृत्ती वाचकाने मोजावी. गर्वाचा याहून चांगला पुरावा नाटकात दुसरा नाही.

सूत्र घेऊन वाचणारा इथे हमखास एक गोष्ट विसरतो: क्रेऑन नमते घेतो. टायरेसियस निघून गेल्यावर तो घाबरतो, कोरसला सल्ला विचारतो आणि तो मानतोही. कोरस सांगतो की, आधी मुलीला गुहेतून सोडव आणि मग उघड्या प्रेतासाठी थडगे बांध. मात्र दूताच्या हकिकतीत क्रम उलटा आहे: राजा आणि त्याचे लोक आधी पॉलिनायसीझच्या प्रेताकडे जातात, उरलेले अवशेष धुतात, दहन करतात, उंच मातीचा ढीग रचतात आणि त्यानंतर गुहेकडे वळतात. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. क्रम का उलटला याचे कारण सॉफोक्लीझने कोणाच्याही तोंडी दिलेले नाही. मेलेल्याचे देणे आधी फेडावे असे क्रेऑनला वाटले असेल, देवांची भीती मुलीच्या जिवापेक्षा मोठी ठरली असेल. वाचकाने स्वतःचे उत्तर शोधावे, मात्र ‘गर्वामुळे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण गर्व त्या क्षणी संपलेला आहे. पश्चात्ताप खरा असूनही उशीर झाला, हा या नाटकाचा सर्वांत कठोर भाग आहे असे मला वाटते.

शिक्षेचे दोन रकाने

आता एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे अपराध आणि तो करणारा लिहावा. उजवीकडे कोण मेले, कोणाच्या हातून मेले आणि कोण जिवंत उरले हे लिहावे. ‘अँटिगनी’साठी डावीकडे एकच नाव येते. उजवीकडे अँटिगनी, हेमॉन आणि युरिडिसी अशी तीन नावे येतात, आणि तिघांच्याही बाबतीत हात त्यांचा स्वतःचाच आहे. एकही देव रंगमंचावर येत नाही, वीज कोसळत नाही. हेमॉन गुहेत बापाच्या तोंडावर थुंकतो, त्याच्यावर तलवार उगारतो, वार चुकतो, आणि तो तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसतो. युरिडिसी घरातल्या वेदीपाशी प्राण देते. त्याआधी ती आधीच गमावलेल्या दुसऱ्या मुलाच्या, मेगारियसच्या, नावाने विलाप करते आणि मुलांचा मारेकरी म्हणून नवऱ्याला शाप देते. मेगारियसचा हा उल्लेख एवढा ओझरता आहे की पुष्कळांच्या नजरेतून सुटतो, पण त्यामुळे कळते की या घरात हे पहिले प्रेत नव्हते.

उजव्या रकान्यात शेवटी ‘जिवंत: क्रेऑन’ असे लिहावे लागते. तो मरण मागतो आणि कोरस त्याला सांगतो की काहीच मागू नकोस. टायरेसियसने हिशेब अगदी काटेकोर मांडला होता: वरच्या जगातल्या जिवाला तू खाली कोंडलेस आणि खालच्यांच्या हक्काचे प्रेत वर अडवून ठेवलेस, म्हणून प्रेतांच्या मोबदल्यात तुझ्या रक्ताचे एक प्रेत जाईल. द्रष्ट्याने एक सांगितले होते. घडताना त्यात युरिडिसीची भर पडली. दोन रकाने आखल्याशिवाय ही वाढीव वसुली दिसत नाही.

सॉफोक्लीझच्याच ‘एजॅक्स’ला हे रकाने लावल्यास चित्र थोडे वेगळे निघते. तिथे देव खरोखर समोर आहे आणि उद्दाम वाक्येही स्पष्ट आहेत. देवांच्या साहाय्याने कोणीही क्षुद्र माणूस जिंकेल, मी त्यांच्यावाचून जिंकेन, असे ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक योद्धा एजॅक्स बापाला म्हणाला होता. रणांगणावर अथीना देवीला त्याने इतर ग्रीकांच्या पाठीशी जाऊन उभे राहायला सांगितले होते. पण ही वाक्ये आपल्याला नाटक निम्मे होत आल्यावर, द्रष्टा कॅल्कसच्या हवाल्याने दूताकडून कळतात, आणि त्याच दमात असेही कळते की अथीनाचा कोप फक्त त्या एका दिवसापुरता होता. म्हणजे अपराध समजायच्या आधी आपण शिक्षा पाहून बसलेलो असतो. वेडाच्या भरात गुरेढोरे कापून शत्रू मारल्याचा आनंद मानणारा योद्धा पाहून त्याचा शत्रू ऑडिसियस हसत नाही, त्याला कणव येते. उजव्या रकान्यात त्याची युद्धात पकडून आणलेली पत्नी टेक्मेसा आणि त्यांचा लहानगा मुलगा युरिसॅसीझ जिवंत उरतात, पण कोणाच्या आश्रयाने, हा प्रश्न टेक्मेसा स्वतःच एजॅक्सपुढे आधी मांडून ठेवते.

भार घरावरच का येतो

ॲरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’त याचे नाट्यदृष्ट्या उत्तर देतो: शत्रूने शत्रूला मारले तर त्यात विशेष करुणा नाही, भाऊ भावाला, मुलगा बापाला, आई मुलाला मारतो किंवा मारू पाहतो अशी कृत्ये कवीने शोधावीत, आणि म्हणूनच उत्तम शोकांतिका मोजक्याच घराण्यांभोवती फिरतात. हे खरे असले तरी पुरेसे नाही. या नाटकांत घर हेच अपराधाचे आणि शिक्षेचे मोजमाप आहे. एट्रियसने भावाला, थायेस्टीसला, त्याचीच मुले शिजवून वाढली; पुढच्या पिढीत एट्रियसचा मुलगा ॲगमेम्नॉन आपली मुलगी बळी देतो, त्याची पत्नी त्याला मारते आणि त्यांचा मुलगा आईला मारतो. ‘ॲगमेम्नॉन’च्या कोरसगीतात जुना उद्दामपणा नव्या उद्दामपणाला जन्म देतो असे म्हटले आहे, आणि ती सारी भाषा बाळंतपणाची आहे. त्याच गीतात कोरस एका जुन्या समजुतीशी मतभेदही नोंदवतो: फार भरभराट झाली की तिच्या पोटी दुःख जन्मते असे लोक म्हणतात, पण माझे मत निराळे आहे, पापी कृत्यालाच तशी संतती होते आणि न्यायाने वागणाऱ्या घराला चांगली मुले लाभतात. हे वाचून मनाला बरे वाटते. मग इफिजेनियाने कोणते पाप केले होते असे विचारावे, आणि त्या गीताला एस्किलसचे अंतिम मत समजण्याची इच्छा आपोआप कमी होते.

कोरसविषयी इथेच सांगून टाकतो. कोरस हा कवीचा प्रवक्ता नसतो; ‘अँटिगनी’त तो थीब्जमधल्या वृद्धांचा आहे, आणि ते वृद्ध राजाला भितात. गर्विष्ठांच्या मोठ्या बोलांची फेड मोठ्या आघातांनी होते आणि म्हातारपणी शहाणपण येते, असे नाटकाच्या अखेरीस ते म्हणतात. ते कोणापुढे म्हणतात हे पाहावे: मुलाचे प्रेत घेऊन आलेल्या आणि पत्नीचे प्रेत पाहत उभ्या असलेल्या माणसापुढे. वाक्य खरे असेलही, पण ज्याला शहाणपण आले त्याच्याजवळ ते वापरायला घर उरलेले नाही.

नायोबीची कथा या साऱ्याच्या मुळाशी ठेवता येते. तिने लिटो या देवीपेक्षा आपल्याला मुले अधिक आहेत अशी बढाई मारली आणि लिटोच्या दोन मुलांनी, अपोलो व आर्टेमिस यांनी, तिची सगळी मुले मारली. होमर सहा मुलगे आणि सहा मुली सांगतो. एस्किलस आणि सॉफोक्लीझ या दोघांचीही तिच्यावरची नाटके हरवली आहेत. एस्किलसची नायोबी बराच वेळ चेहरा झाकून मुकाट बसून राही, हे आपल्याला विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसने त्यावर केलेल्या थट्टेमुळे ठाऊक आहे, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा. अँटिगनी गुहेकडे जाताना स्वतःची तुलना तिच्याशी करते, आणि करते ती बढाईच्या बाबतीत नव्हे, दगड होऊन झिरपत राहण्याच्या बाबतीत. नायोबीच्या कथेतला कोणता भाग कोणते पात्र उचलते, यावरून त्या पात्राला स्वतःविषयी काय वाटते ते ओळखता येते.

ओळख पटण्याचा क्षण

ज्या प्रवेशात पात्राला आपण काय केले हे कळते, तो प्रवेश दोनदा वाचावा. युरिपिडीझच्या ‘बॅकी’मधला असा प्रवेश मला संपूर्ण ग्रीक नाट्यात सर्वांत सहन न होणारा वाटतो. हे नाटक कवीच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०५ च्या सुमारास, सादर झाले. थीब्जचा तरुण राजा पेन्थियस डायोनिससला देव मानायला नकार देतो. देव त्याला स्त्रीवेशात डोंगरावर नेतो आणि उन्मादात असलेली त्याची आईच, ॲगावी, त्याचे तुकडे करते. ती सिंहाचे शीर म्हणून मुलाचे शीर मिरवत परत येते. तिचा वृद्ध बाप कॅडमस तिला एकदम सत्य सांगत नाही. तो तिला आधी आकाशाकडे पाहायला लावतो आणि ते पूर्वीसारखेच दिसते का विचारतो. मग कोणत्या घरात तुझे लग्न झाले, मुलाचे नाव काय, असे एकेक प्रश्न विचारत जातो, आणि शेवटी विचारतो की तुझ्या हातात कोणाचे तोंड आहे. प्रत्येक प्रश्नाला लागणारा वेळ वाचकानेही द्यावा.

या नाटकात शिक्षा देणाराही घरचाच आहे, हे वंशावळीच्या कागदावर पाहिल्यावर लक्षात येते: डायोनिसस हा ॲगावीच्या बहिणीचा, सेमिलीचा, मुलगा. झ्यूसपासून मूल झाल्याचे सेमिली खोटेच सांगते असे तिच्या बहिणींनी पसरवले, हा मूळ अपमान. कॅडमस शिक्षेचा न्याय नाकारत नाही. देवाने योग्य तेच केले, पण अति केले, आणि तेही आमच्या रक्ताचा असून, असे तो म्हणतो. रागाच्या बाबतीत देवांनी माणसांसारखे असू नये, असेही तो देवाला तोंडावर सुनावतो. झ्यूसने हे फार पूर्वीच मान्य केले आहे, एवढेच उत्तर त्याला मिळते. त्याच्या विलापातला नातू आठवून पाहावा: आजोबाच्या दाढीला हात लावून ‘तुला कोण त्रास देतो’ असे विचारणारा. आधीच्या हजार ओळींत ज्याला आपण हट्टी आणि उर्मट म्हणून पाहिले त्याचे हे रूप कवीने मुद्दाम शेवटापर्यंत राखून ठेवले आहे. एक व्यावहारिक सूचना: या नाटकाच्या अखेरचा काही भाग हस्तलिखितात गहाळ आहे आणि मुलाच्या देहावरचा ॲगावीचा विलाप त्यातच गेला. काही अनुवादक ती जागा स्वतः भरतात, काही मोकळी ठेवतात. हाती असलेल्या आवृत्तीने काय केले आहे ते टिपांत पाहून घ्यावे.

जिथे सूत्र मोडते

तीन नाटके अशी आहेत की ज्यांना गर्व आणि शिक्षेच्या चौकटीत बसवण्याचा खटाटोप करू नये. ‘इडिपस राजा’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. इडिपस रागीट आहे, टायरेसियसवर आणि क्रेऑनवर तो कटाचा आरोप करतो, हे सारे खरे. पण पित्याची हत्या आणि आईशी विवाह ही कृत्ये त्या रागाआधीच घडून गेलेली आहेत आणि अजाणता घडलेली आहेत. तापट स्वभावाला एवढी शिक्षा असे म्हणणे म्हणजे नाटकाला शाळेच्या शिस्तीचे पुस्तक करणे होय. पुढे ‘इडिपस कोलोनस येथे’ या नाटकात तो स्वतःच आपली निर्दोषता ठामपणे मांडतो. युरिपिडीझच्या ‘हेराक्लीझ’मध्ये तर नायकाचा अपराधच नाही, हेरा देवी उन्माद पाठवते आणि तो पत्नीला व मुलांना मारतो. ‘मीडिया’त उलट आहे. शत्रू आपल्याला हसतील ही कल्पना मीडियाला सहन होत नाही, नवऱ्याचे घर मोडण्यासाठी ती स्वतःच्या मुलांना मारते, आपण करतो ते वाईट आहे हे जाणून मारते, आणि सूर्यदेवाच्या रथातून निघून जाते. डाव्या रकान्यात तिचे नाव आहे आणि उजव्या रकान्यात शिक्षा देणारा कोणीच नाही. इ. स. पू. ४३१ च्या स्पर्धेत या नाटकाला तिसरे, म्हणजे शेवटचे, स्थान मिळाले.

वाचनाचा क्रम

‘अँटिगनी’नंतर एस्किलसचे ‘पर्शियन’ घ्यावे. ते छोटे आहे, आणि त्यात विषय पुराणाचा नसून इ. स. पू. ४८० मधल्या, ग्रीक आणि पर्शियन यांच्यातल्या सलामिसच्या लढाईचा आहे. प्रयोग अवघ्या आठ वर्षांनी, इ. स. पू. ४७२ मध्ये, त्या लढाईत लढलेल्या माणसांसमोर झाला. पर्शियाचा मृत राजा दारियस याची छाया येऊन सांगते की उद्दामपणाला फुलोरा आला की विनाशाचे कणीस धरते आणि अश्रूंचे पीक कापावे लागते. त्याचा मुलगा, हरलेला राजा झर्क्सीझ, स्वतः जिवंत परततो, फाटक्या वस्त्रांत. मेलेले असतात ते इतरांचे मुलगे आणि नवरे, ज्यांची नावे कोरस एकेक करून विचारतो. ही नावांची यादी उरकून टाकू नये. शत्रूचा शोक अथेन्सच्या रंगमंचावर एवढा वेळ का चालू दिला, याचा विचार तिथेच करावा.

त्यानंतर ‘एजॅक्स’, मग ‘ऑरेस्टिया’ची तिन्ही नाटके सलग, मग ‘बॅकी’, आणि चौकट मोडणारी तीन नाटके त्यानंतर वाचावीत. ओळींचे क्रमांक दिलेली आवृत्ती निवडावी, म्हणजे दोन अनुवाद शेजारी ठेवून पाहता येतात. विलापगीतांच्या बाबतीत ही तुलना विशेष उपयोगी पडते.

युरिपिडीझचे इ. स. पू. ४१५ मधले ‘ट्रोजन स्त्रिया’ मात्र सर्वांत शेवटी ठेवावे. त्यात उद्दामपणा जेत्या ग्रीकांचा आहे, आणि ट्रॉयचा मृत योद्धा हेक्टर याचा लहान मुलगा ॲस्टिॲनॅक्स तटावरून फेकला जातो तेव्हा आजी हेक्यूबा त्याला बापाच्या ढालीत ठेवून निरोप देते. ग्रीकांना शिक्षा होणार आहे, परंतु ती नाटकात घडत नाही. अथीना आणि पोसायडन प्रस्तावनेत त्यांची जहाजे बुडवण्याचे ठरवतात आणि त्यांतला कोणीही देव पुन्हा दिसत नाही. पुढे ग्रीक दूत टॅल्थिबियस पुन्हा पुन्हा नवी आज्ञा घेऊन येतो, आणि जे ठरले आहे ते त्याला किंवा त्या स्त्रियांना ठाऊक नसते. म्हणून प्रस्तावनेतल्या त्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात आणि टॅल्थिबियस येईल त्या प्रत्येक वेळी त्या पुन्हा वाचून मग त्याचे बोलणे वाचावे.